अर्ध्याच्या जागी पाव

बूट मुलाचे होते. ते जिच्या हातात होते ती पोरगी चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. रक्त घ्यायच्या खोलीबाहेरच्या बोळात, खिडकीखालच्या हीटरवर ती ते बूट शेकत होती. आधी डावा, मग उजवा, मधूनच आत हात घालून थेट अंगठ्यापर्यंत ऊब गेली की नाही ते चाचपत होती. समोरच्या बाकावर पांढऱ्या रुमालाची एक म्हातारी, शेजारी फरची टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला म्हातारा, आणि म्हातारीच्या मांडीवर मुलगा. मांडीवर बसायचं त्याचं वय केव्हाच सरलं होतं. सहा-सात वर्षांचा होता, पाय खाली लोंबत होते, आणि मान म्हातारीनं एका हातानं सावरून धरली होती. "अगं सूनबाई, जळतील ते," म्हातारी म्हणाली, "बूट आहेत, नान नव्हेत भट्टीतले." पोरगी आली, गुडघ्यांवर बसली. मुलाचे मोजे वर ओढले, बूट चढवले, नाड्या बांधल्या, पोटरीवरून एकदा हात फिरवला, आणि एवढं सगळं करताना तिनं त्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. "बघ तोक्तार," म्हातारी मुलाच्या कानाशी म्हणाली, "वहिनीनं बूट गरम केले तुझे. वहिनी म्हण. म्हणायचास की नाही आधी?" मी कपातला गार झालेला दुधाचा चहा ओतून टाकायला बेसिनकडे निघाले होते. त्या न पाहण्याला मी ओळखते. सासूसमोर, चार माणसांत, मुलाच्या अंगाला हात लावायला मिळतो, पण तोंडाकडे बघायचं नसतं, कारण बघितलं तर आपल्या तोंडावर जे येईल ते झाकता येत नाही. कप माझ्या हातातून पडला वगैरे नाही. मी तो नीट बेसिनपाशी नेला, नळ सोडला, हात धुतले, खोलीत परत आले, आणि मग लक्षात आलं की चहा कपात तसाच आहे.

तोक्तार. नाव मला पाठ होतं. आधीची मुलं गेलेल्या घरात हे नाव ठेवतात. थांब, जाऊ नकोस, हे त्याला दर हाकेला सांगायचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आयागोजकडच्या एका गावातून तीन नळ्या आल्या होत्या: तोक्तार, आई, बाप. मुलाला डिसेंबरात ताप आला, ताप उतरला आणि तोल गेला. चालता चालता पडायला लागला, मग जीभ अडखळायला लागली. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं की आजार आनुवंशिक दिसतो. अशी लक्षणं असलेले आजार वीसेक आहेत, चारांवरच औषध आहे, चारही औषधं निराळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष. कुठला आजार ते डीएनएच सांगेल, कृपया लवकर सांगा. 'लवकर'च्या खाली दोन रेघा होत्या. आता, ते तिघं काय नि चौघं काय, अल्माटीपर्यंत स्वतःच आले होते, कारण नवं रक्त पाठवा असं पत्र मी त्यांना धाडलं होतं. मी, मार्झान, वय एक्केचाळीस. या प्रयोगशाळेत यंत्र डीएनए वाचतं आणि वाचलेलं सगळं मी सांभाळते. यंत्र माणसाला सलग वाचत नाही. कोट्यवधी बारीक तुकडे करून तुकडेच वाचतं, आणि ते तुकडे जागच्या जागी लावायचे, एकाचे दुसऱ्यात मिसळू द्यायचे नाहीत, डिस्कवर पुढच्या माणसासाठी जागा ठेवायची, हे माझं काम. भांडी घासण्यातला प्रकार आहे. नीट झालं तर कुणाला दिसत नाही.

वाचन झालं की सगळ्यांत आधी नाती तपासायची, असा आमचा नियम. मूल आईशी निम्मं जुळतं आणि बापाशी निम्मं, शंभरात पन्नास. तोक्तार आईशी जुळला चोवीस आणि बापाशी सव्वीस. पडद्यावर दोन्ही रकाने लाल झाले. लाल म्हणजे नळ्यांची अदलाबदल, असं आम्ही धरून चालतो, दहातल्या नऊ वेळा असतंही तसंच, आणि त्याच आठवड्यात व्हेराच्या हातून नळ्यांचा एक ट्रे निसटला होता. व्हेरा त्यान आमची नळ्यांची बाई, अकरा वर्षं तिच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झालेला नाही. मी शेऱ्यात लिहिलं, नळ्या बदलल्या, नवं रक्त मागवा. व्हेराला वरून ताकीदपत्र आलं, तिनं त्यावर सही केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण नळी परक्या माणसाची असती तर आकडा शून्यावर टेकला असता. चोवीस आणि सव्वीस. दोन्ही मिळून बरोबर पन्नास. हे परकं नव्हेच. हे आजी-आजोबा. पहिल्या वर्षाच्या पोरांनी सांगावं इतकं सोपं आहे ते. मी तो आकडा बघितला नव्हता असं नाही. मी बघितला, आणि डोळे त्याच्यावरून घसरले, आणि हात लिहून मोकळा झाला. हे मला आता, खुर्चीत बसल्यावर, जसंच्या तसं आठवलं. 

आमच्यात पहिलं मूल आजी-आजोबांचं. सगळीकडे नाही, सगळ्या घरांत नाही, पण आमच्याकडे होतं तसं. जबरदस्ती कुणी करत नाही. चाळीस दिवस झाले की आजी त्याला आपल्या छातीशी घालते आणि त्या दिवसापासून ते तिचं, पुष्कळदा कागदावरसुद्धा. म्हाताऱ्यांच्या घरात आवाज राहतो, मूल लाडात वाढतं, आणि सून काय, तरणी असते, तिला आणखी होतात. कुणी त्याला दुःख म्हणत नाही. मी तशीच वाढले. बायान आपा, म्हणजे माझी आजी, माझी आई होती, तिच्या कुशीत मी नऊ वर्षांची होईपर्यंत झोपले, आणि जिच्या पोटात मी होते ती राइखान अंगणापलीकडच्या खोलीत राहायची. तिला मी वहिनी म्हणत असे. आपा बाजारात गेली की राइखान वहिनी माझी वेणी घालायची. सैल घालायची, जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावून, आणि फाटकाची कडी वाजली की फणी पटकन खिशात जायची. मला वाटे हिला फणी चोरायची खोड आहे. अकराव्या वर्षी पंपावर पाणी भरताना शेजारच्या पोरीशी जुंपली आणि ती ओरडली, "जा गं जा, तुझ्या आईनंसुद्धा तुला ठेवून घेतली नाही!" मी दोन्ही बादल्या भरल्या आणि थेंब न सांडता घरी आणल्या. कुणाला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. मला गप्प बसायला छान जमतं. सेमेयच्या इस्पितळात राइखान शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मी तिशीची होते, पाच दिवस तिच्या उशाशी बसले होते. पाचव्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. तिनं डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं, सरळ पाहिलं, कितीतरी वेळ. आता बोलायला हवं हे मला कळत होतं. मी म्हणाले, "वहिनी, पाणी देऊ?" ती म्हणाली, "दे." मयताच्या दिवशी मुली जिथे उभ्या राहून शोकगीत म्हणतात तिथे तिच्या दोन धाकट्या मुली उभ्या होत्या, ज्यांना मी भाच्या म्हणते, आणि मी दारापाशी आल्यागेल्यांना चहा देत होते.

यंत्र नवं आलं त्याला सहा वर्षं झाली. ते नीट वाचतं का हे बघायला आम्ही स्वतःचीच रक्तं घातली होती. बायान आपा तेव्हा अठ्ठ्याऐंशीची, दातांसाठी शहरात आणली होती. मी तिच्या गालातून कापसाचा बोळा फिरवला. "काय शोधतेस गं तोंडात? दात केव्हाच गेले," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू माझी किती आहेस ते बघते." "सगळी तुझी," आपा म्हणाली. आकडा आला सव्वीस. माझ्या आणि तिच्या त्या दोन फोल्डरांना मी 'चाचणी एक' आणि 'चाचणी दोन' अशी नावं दिली आणि ती कधी पुसली नाहीत. पुढच्याच वर्षी आपा गेली. कधी काम लवकर संपलं की मी ती उघडून बसते. आपाशी जे जुळतं ते दाबून टाकलं की उरलेल्यात कुठेतरी राइखान आहे. तिचा एक धड फोटो नाही माझ्याकडे, तिचं रक्त कुणी कधी वाचलं नाही, तिची ती एकच प्रत. माझ्या अंगात ती आहेच, हे मला कळतं, मी अडाणी नाही. पण अंग उघडून बघता येत नाही ना. म्हणजे सहा वर्षं मी जो आकडा उराशी धरून बसले होते तोच आकडा तोक्तारच्या रकान्यात लाल होऊन माझ्यासमोर आला आणि मी लिहिलं, नळ्या बदलल्या.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. नापास झालेलं वाचनसुद्धा नव्वद दिवस ठेवायचं असतं. पण फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी डिस्क काठोकाठ भरली, नवी डिस्क सीमेवर कुठल्याशा शिक्क्यासाठी अडकून पडली होती. व्हेरा माझ्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, "टाक की बाई काहीतरी! तुझी डिस्क म्हणजे म्हातारीची पेटी झालीय, लग्नातल्या चिंध्यासुद्धा जपून ठेवल्यात." मी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. 'चाचणी एक', 'चाचणी दोन' माझ्या बोटाखालून सरकून गेली. मी तोक्तार पुसला, त्याच्या कागदावरच्या आईबापाला पुसलं. नाहीतरी चुकीच्याच नळ्या, असं म्हणून. उरलेलं रक्त व्हेरानं फेकलं, चुकीचं रक्त ठेवू नये म्हणून. पत्र गेलं, वादळात रस्ता बंद पडला, पत्र पोचलं तेव्हा मुलगा पुन्हा तापात, मग आगगाडी. मी शेरा लिहिला त्याला आज छत्तीस दिवस झाले. तेव्हा तो धरून का होईना चालत होता, चिठ्ठीत तसं लिहिलं होतं.

खोलीचं दार लावून मी शोधायला बसले. वेड्यासारखी शोधत होते. तात्पुरत्या फाइली, पडताळणीच्या फाइली, जुन्या सर्व्हरवरची रोजची प्रत, कचऱ्याची टोपली. फोल्डर सापडलं असतं तर मी आत्ता, या घटकेला, आजी-आजोबा धरून सगळं पुन्हा लावलं असतं आणि संध्याकाळपर्यंत निदान संशय तरी हातात आला असता. एकदा यादीत 'तोक्त' अशी अक्षरं दिसली आणि माझे कान तापले. उघडलं तर नोंदवहीची एक ओळ होती: नाते पडताळणी, २४, २६, नापास, पुसले, मार्झान. माझंच नाव. मी ती ओळ तीन-चारदा वाचली, जणू आणखी एकदा वाचल्यावर पुढे काही निघणार होतं. खिडकीबाहेर पाटात बर्फाचं पाणी खळखळत होतं, कुणीतरी नवरोजच्या सणासाठी गेटवर रंगीत पट्ट्या लावत होतं. आणि मग तो विचार आला, न बोलावता आला, आणि किती समजूतदार वाटला. काही बोलायचंच नाही. ते नवं रक्त देतील, आठवडाभरानं पुन्हा लाल येईल, मग मी कपाळाला हात लावून म्हणेन, अरे, हे तर आजी-आजोबा दिसतात, आणि खऱ्या आईचं रक्त मागवेन. कुणाचंच चुकलेलं नसेल. तोपर्यंत मुलगा गिळायचंही विसरेल. मी तो विचार संपेपर्यंत बसून राहिले, हे लिहिलंच पाहिजे. मी उठले ती शेवटी लाजेनं उठले, धैर्य वगैरे काही नाही.

दार उघडलं तर व्हेराच समोर. "तुझं अदलाबदलीचं कुटुंब आलंय," ती म्हणाली. "या खेपेला नळीवर तीन ठिकाणी नाव घालणार आहे मी. चौथं तुझ्या कपाळावर."

"व्हेरा, नळ्या बदलल्या नव्हत्या."

"हे मी तुला फेब्रुवारीत सांगितलं होतं."

"ते आजी-आजोबा आहेत. ती बाहेर उभी आहे ना, बूट शेकणारी, ती आई आहे."

व्हेरानं चष्मा कपाळावर सरकवला. "आकडा किती होता?"

"चोवीस, सव्वीस."

"आणि तुला त्याचा अर्थ माहीत नव्हता?"

"माहीत होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "जुनं वाचन उघड मग," ती म्हणाली, आणि मी दारातच उभी राहिले तेव्हा तिनं विचारलं, "त्या शुक्रवारी?" मी मान हलवली. व्हेरानं खिशातून हातमोजे काढले, एकेक बोट ओढून ओढून चढवले. "आईचं रक्त लागेल," ती म्हणाली, दुसरीकडे बघत. ते मलाही कळत होतं. हा आजार जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होतो, एक बापाकडून आलेली, एक आईकडून. आमचा प्रोग्राम कागदावर जे आईबाप असतील त्यांच्यातच शोधतो. बापाकडची प्रत म्हाताऱ्यांपैकी एकात सापडेल. दुसरी दोघांतही नाही, म्हणून वाचनातली चूक समजून तो ती टाकून देईल. "जा, विचार त्यांना," व्हेरा म्हणाली. "मी नाही विचारणार. मी कोरियन बाई, मला म्हातारी काठीनं मारेल."

बोळात म्हातारीनं पिशवी उघडली होती आणि बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, कागदावर मांडले होते, प्रयोगशाळेतल्या लोकांसाठी म्हणून. तिचं नाव बातिमा, म्हाताऱ्याचं ओरिनबाय, सुनेचं तोर्गिन, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, "आपा, जरा बाजूला येता का? एक विचारायचं होतं."

"बाजूला आले तर याला कोण धरेल? इथंच विचार. आधी एक खा."

मी एक घेतला. तो हातातच राहिला. "आपा, तोक्तार कुणाच्या पोटचा?"

तोर्गिन खिडकीशी होती, तिची पाठ ताठ झाली. बातिमा आपानं रुमाल कपाळावर नीट ओढला. "हेही दिसतं का रक्तात?"

"दिसतं."

"दिसतं तर विचारतेस कशाला?" तिनं मुलाची मान दुसऱ्या हातावर घेतली. "माझी दोन गेली, तिसरा राहिला, तो कारागांडाला खाणीत आहे. त्याचं हे पहिलं. चाळीस दिवसांचा होता तेव्हा छातीशी घातला मी. रात्र रात्र कुणी जागवली? दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, आई कोण, मी हात वर केला. मग काय खोटं बोलले?"

"नाही आपा, खोटं नाही. पण रक्ताला तेवढं कळत नाही."

"हळू बोल बाई," ती एकदम कुजबुजली आणि मुलाच्या कानावर तळवा ठेवला, "त्याला ऐकू जाईल. त्याला ठाऊक नाही."

"जाऊ दे ऐकू," ओरिनबाय म्हणाला.  टोपीच्या फरमधून बोटं फिरवत जमिनीकडे बघत तो म्हणाला, "ऐकलं तर बरंच होईल, बातिमा."

 म्हातारीनं तळवा काढला नाही, पण तो आता नुसताच कानावर पडून होता. जरा वेळानं ती मला, का माझ्याआडून आणखी कुणाला, सांगायला लागली की याला सात पिढ्यांची नावं पाठ होती, पाचव्या वर्षापासून, पाहुण्यांसमोर उभा राहून घडाघडा म्हणायचा आणि साखरेचा खडा घ्यायचा. जानेवारीत सातावरून चारावर आला. मग दोन. मग नुसतं ओरिनबाय, ओरिनबाय. मीही लहानपणी म्हणत असे. माझ्या यादीतही पहिलं नाव आजोबांचंच होतं, मधला एक माणूस गाळून, आणि तो माणूस, माझा बाप, तिथेच बसून टाळ्या वाजवायचा. मी म्हणाले, "आपा, ऐका. पहिल्याच रक्तात हे दिसलं होतं. नळ्या बदलल्या असं मी लिहिलं आणि सगळं पुसून टाकलं. हे छत्तीस दिवस माझ्यामुळे गेले. दुसऱ्या कुणाची चूक नाही. आकडा मला कळला होता."

"तुला कसा कळला?"

"मीही आजीकडेच वाढले."

बातिमा आपानं माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, मी तो शोधत होते. हिशेब न जुळल्यावर माणूस बघतं तसं ती बघत होती. "मग तुला तर लगेच कळायला हवं होतं," ती म्हणाली.

  तोर्गिननं तोवर कोटाची बाही दंडापर्यंत सारली होती, अजून कुणी तिला काही सांगितलंही नव्हतं. "माझं घ्या," ती म्हणाली, "हवं तेवढं घ्या." व्हेरानं तिला खुर्चीत बसवलं, शीर शोधली, नळी लावली. अर्जाचा कागद माझ्या हातात होता. नाव मी लिहिलं, वय लिहिलं. पुढचा रकाना रुग्णाशी असलेल्या नात्याचा. मी विचारलं, कारण विचारूनच लिहायचं असतं. तोर्गिन सवयीनं म्हणाली, "वहिनी." आणि मग तिच्या तोंडावरचं रक्त सगळं नळीत गेल्यासारखं तोंड पांढरं झालं. ती सासूकडे बघायला लागली.

"आई लिही," बातिमा आपा बाकावरूनच म्हणाली. "काय मेलं बघत बसलीस, लिही. आणि नीट लिही, नाहीतर पुन्हा चुकशील." मी लिहिलं. ते दोन अक्षरी उत्तर लिहायला मला शेऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला. म्हातारा-म्हातारीचं रक्त झालं, मुलाचं झालं. सुई टोचली तेव्हा त्याचा ओठ हललासुद्धा नाही. तोर्गिन दंडावर कापूस दाबून उभी होती. तिला बातिमा आपा म्हणाली, "माझे पाय मेले बसून बसून. धर जरा त्याला." चौघांनाही कळत होतं की पायांना काही झालेलं नाही. तोर्गिननं मुलाला घेतलं, आधी अवघडून, पाहुण्यांचं मूल घ्यावं तसं, मग त्याची मान तिच्या खांद्याच्या खळगीत बसली. तिनं मान वाकवली आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांसमोर पाहिलं. मुलाचे डोळे तिच्या कपाळावरून पुढे छताच्या दिव्याकडे गेले आणि तिथेच राहिले. तरी ती बघत होती. मला तिथे उभं राहवेना.

"आज रात्रीच लावते," व्हेरा माझ्यामागून आत येत म्हणाली. "पाचव्या दिवशी वाचन तुझ्या हातात. माझ्याकडून एक तास जास्त नाही. पण तुझ्याकडे जागा आहे का?" मी बघितलं. चार माणसांना तीनशे गीगाबाइट लागणार होते, शिल्लक होते एकशे साठ. नवी डिस्क अजून सीमेवर. यादीत जे होतं त्यातलं प्रत्येक नाव कुठल्या ना कुठल्या आजारी माणसाचं, कुणाच्या ना कुणाच्या मुलाचं होतं. दोन सोडून. पाच दिवसांनी आजार कळेल, औषध असलेल्या चारांतला असेल किंवा नसेल. असला तरी जे गेलंय ते परत येईल असं कुणी म्हणत नाही, फक्त पुढचं थांबेल. थांब, जाऊ नकोस. मी 'चाचणी दोन' निवडलं, ती आपा. मग 'चाचणी एक', ती मी, आणि त्यातच कुठेतरी राइखान. पडद्यानं विचारलं, हे परत मिळणार नाही, नक्की पुसायचं? व्हेरा नळ्यांवर नावं घालत होती, पेनाचा करकर आवाज येत होता. सेमेयच्या खोलीत त्या दुपारी पडदा अर्धा ओढलेला होता, उन्हाची एक पट्टी चादरीवर होती, तिनं डोळे उघडले होते आणि तिला पाणी नको होतं. मी बटण दाबलं.

"आई," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?" व्हेरानं मान वर न करता विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "जागा केली. तू लाव."